आपल्याला किती लांबचं ऐकू येतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आवाजाच्या त्रासावर पेपरात काही आलं की मी ते आधी वाचते आणि बहुतेक वेळा ती बातमी एका आकड्यावर येऊन थांबते. इतके डेसिबल, मर्यादेपेक्षा इतके जास्त, बास. आकडा चुकीचा असतो असं माझं म्हणणं नाही, पण त्या आकड्यावरून वाचणाऱ्याला नेमकं काय गेलं ते कळत नाही. गोंगाटाने डोकं दुखतं, झोप जाते, चिडचिड होते हे सगळं खरंच आहे, पण त्याच्याही आधी एक गोष्ट जाते आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. भोवतीचा आवाज वाढला की आपल्याला लांबचं ऐकू येणं कमी होतं. ऐकण्याचं अंतरच आखडतं. हे गाण्याच्या बैठकीत खरं आहे, शाळेच्या वर्गात खरं आहे आणि खोल समुद्रात तर इतकं खरं आहे की ते समजल्यापासून मी गप्प बसू शकत नाहीये. पत्र लांबेल, तेवढं सांभाळून घ्या.

मी गाणं शिकवते, तीस-पस्तीस वर्षं झाली. त्यातली सात-आठ वर्षं एका ग्रुपबरोबर स्टेजवर गायले. स्टेजवरचा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांना आपलं गाणं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माझ्या उजव्या हाताला असायचा आणि आवाज कमी करा म्हटलं की साउंडवाले मान हलवायचे, दोन गाणी झाली की परत होता तिथे. तेव्हा कार्यक्रम झाल्यावर कानात दोन-दोन दिवस शिट्टी वाजत राहायची आणि आम्ही सगळेच ते थकवा म्हणून सोडून द्यायचो. मग तीनेक वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी मला फोन नंबर सांगत होती, तिने साठ म्हटलं आणि मी आठ लिहिलं. परत सांगितलं तरी आठच. तिसऱ्यांदा तिने सहावर शून्य असं म्हटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यापर्यंत स पोचतच नाहीये.

कानाची तपासणी करतात ती खोली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. छोटी केबिन, जाड दार, भिंतींना मऊ अस्तर, दार लागलं की स्वतःचा श्वास आणि गिळण्याचा आवाज एवढंच उरतं. कानावर हेडफोन, हातात बटन, बारीक टूं ऐकू आला की दाबायचं. खालचे स्वर येत गेले, मी दाबत गेले, मग स्वर वर चढायला लागले आणि एका जागी नुसती शांतता. मी वाट बघत बसले होते आणि काचेपलीकडच्या बाई मशीनवर स्वर वाढवत होत्या, ते त्यांच्या हातावरून दिसत होतं, पण ऐकू काहीच येत नव्हतं. नंतर कागद हातात आला, त्यावरची रेघ बरीचशी सपाट आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या वरच्या स्वरापाशी, खड्डा, उजव्या कानाचा खोल, डाव्याचा जरा उथळ. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण असते म्हणे. कानाच्या आत जो शंख असतो त्यात केसासारख्या तंतूंच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार, तेवढ्याच घेऊन आपण जन्माला येतो आणि माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, आपल्या नाही. स, श, फ ही अक्षरं ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या पट्टीतल्या आवाजावर, म्हणून ती आधी जातात आणि स्वर, म्हणजे आ, ई, ओ, ते शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. घरचे म्हणतात लक्ष देत नाही. लक्षच द्यायला बसलेलो असतो हो आम्ही.

आता तंबोरा. गायक नसलेल्यांनी एकदा तरी चांगल्या लावलेल्या तंबोऱ्याजवळ अगदी कान नेऊन बसावं. चार तारा असतात, पंचम किंवा मध्यम, दोन षड्ज आणि खर्ज. गांधार कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढेमागे सरकवत राहायचं, आधी तार बद्द वाजते, मग खरखरते आणि मग एका जागी येऊन एकदम उघडते. त्यालाच आम्ही जवारी लागली म्हणतो. मग खर्जाची तार सोडली की तिच्या पोटातून गांधार निघतो, स्वच्छ, कुणीतरी शेजारी बसून गुणगुणतंय इतका स्वच्छ. स्वयंभू गांधार म्हणतात त्याला. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो अंश असतो, तारेत आधीपासूनच दडलेला. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर काम प्रसिद्ध केलं त्यात त्यांनी दाखवलं की साध्या तारेच्या नियमाने जे अंश ऐकूच यायला नकोत तेही तंबोऱ्याच्या त्या रुंद, वळणदार घोडीमुळे जोरकस वाजतात. मला गांधार अजून ऐकू येतो, तो खालच्या पट्टीत आहे. पण त्याच्या कितीतरी वर जी एक झिलई असते, झाडावरच्या पानांसारखी सळसळ, ती आता डाव्या कानाने थोडी येते आणि उजव्याने येत नाही. आणि बाहेर पंखा, मोटर, रस्ता चालू असेल तर ज्यांचे कान तरुण आणि धड आहेत त्या मुलींनाही ती येत नाही. माझा मुद्दा इथे सुरू होतो. माझे कान गेले म्हणून ती सळसळ गेली, आणि त्यांचे कान शाबूत असून ती गेली, कारण तिच्यावर दुसरा आवाज बसलेला आहे.

ह्याला झाकोळणं म्हणू या. बारीक आवाज मरत नाही, फक्त मोठ्या आवाजाखाली झाकला जातो. आणि आपण मग काय करतो, तर आपला आवाज चढवतो. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवलं, बोलत असलेल्या पेशंटच्या कानात गोंगाट सोडला की पेशंट आपोआप मोठ्याने बोलायला लागतो आणि गोंगाट बंद केला की आपोआप खाली येतो, आपण ओरडत होतो ह्याचा त्याला पत्ताच नसतो. क्लासमध्ये मी हे रोज बघते. बाहेर जनरेटर चालू असला की मुलं नकळत चढ्या आवाजात गातात, चढ्या आवाजात गायलं की गळा आवळतो, आवळला की सूर सरकतो आणि मी मात्र त्यांना बेसूर म्हणून टोकत बसते. कितीतरी दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं की आधी जनरेटर बंद करायला पाहिजे होता.

पक्षीही हेच करतात. २०२० साली सगळं बंद होतं तेव्हा अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास एका चिमणीसारख्या पक्ष्याची, व्हाइट क्राउन्ड स्पॅरोची, गाणी संशोधकांनी टिपली आणि जुन्या नोंदींशी ताडून बघितली. रहदारी थांबल्यावर ते पक्षी आधीपेक्षा हळू गात होते. हळू गात होते आणि तरी त्यांचं गाणं आधीच्या दुपटीहून जास्त अंतरावर पोचत होतं. शिवाय गाण्याची प्रतही सुधारली होती, वरखाली फिरत जास्त मोकळं गात होते. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं माझ्या, कारण ह्याच्यापेक्षा वेगळं मी विद्यार्थ्यांना काय शिकवते, ओरडू नका, हळू गा, पोचेल.

वर्गाचं सांगते. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला एका शाळेच्या खिडक्यांपासून अगदी जवळून उंचावरून रेल्वे जायची, दर साडेचार मिनिटांनी एक गाडी, आणि गाडी आली की वर्गातला आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढायचा, बाईंना शिकवणं थांबवावं लागायचं. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट ह्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं आणि त्याच इमारतीतल्या पलीकडच्या शांत बाजूची मुलं ह्यांचं वाचन तपासलं. शाळा तीच, अभ्यास तोच. तरी सहावीपर्यंत येईतो गोंगाटाच्या बाजूची मुलं वाचनात जवळजवळ एक वर्षाने मागे पडली होती. हे १९७५ साली छापून आलं. मग रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं अस्तर लावलं, आणि १९८१ साली परत बघितलं तर दोन्ही बाजूंची मुलं सारखी. जर्मनीत म्युनिकला १९९२ मध्ये विमानतळ एका जागेहून दुसरीकडे गेला तेव्हाही असंच दिसलं, जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं घसरलं. ह्यातली बहुतेक मुलं काही बहिरी झाली नव्हती. त्यांच्यापर्यंत शब्दच पुरते पोचत नव्हते आणि अर्धवट शब्द जुळवण्यात डोकं थकून जात होतं. साठचं आठ होत होतं, दिवसभर, वर्षभर.

आता समुद्राकडे येते, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले. समुद्र आतून शांत असतो असं आपल्याला वाटतं ते आपला कान पाण्यात नीट चालत नाही म्हणून. पाण्यात उजेड फार खाली जात नाही, दोनेकशे मीटरच्या खाली जवळजवळ अंधारच. वास हळू पसरतो. लांबचं कळायला उरतो तो आवाज, आणि आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, सेकंदाला साधारण दीड हजार मीटर. हे पहिल्यांदा नीट मोजलं १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात, कोलाडोन आणि स्टर्म ह्या दोघांनी. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगलेली, तिच्यावर हातोडा पडला की त्याच दांड्याने वर बंदुकीची दारू पेटून उजेड व्हायचा. तेरा किलोमीटरहून जास्त लांब दुसऱ्या होडीत कोलाडोन लांब पत्र्याची नळी पाण्यात बुडवून तिला कान लावून बसलेला, उजेड दिसला की घड्याळ चालू, घंटा ऐकू आली की बंद. साडेनऊ सेकंदांच्या आसपास. आणि मला त्यात वेगापेक्षा अंतराचं जास्त वाटतं, पाण्यातली एक घंटा तेरा किलोमीटरवर नुसत्या नळीने ऐकू येते, हवेत कुठली येणार.

त्याहून मोठी गोष्ट १९६० ची. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ समुद्रात खोल स्फोट केले गेले आणि ते अटलांटिकमध्ये बर्म्युडाला ऐकू आले, पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, वीस हजार किलोमीटरच्या आसपास, पावणेचार तासांनी. हे कसं होतं तर समुद्रात साधारण एक किलोमीटर खोलीवर असा एक थर असतो की तिथे आवाजाचा वेग सगळ्यात कमी असतो, वर पाणी गरम म्हणून वेग जास्त, खाली दाब जास्त म्हणून वेग जास्त, त्यामुळे वर किंवा खाली निघालेला आवाज वळून परत त्याच थरात येतो आणि पन्हळीतून पाणी जावं तसा पुढे पुढे जात राहतो. निळा देवमासा ज्या खर्जात हाक मारतो, बरीचशी आपल्या कानाच्या खालच्या मर्यादेच्याही खाली, २० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून खालची, ती हाक अशा समुद्रात शेकडो किलोमीटर जाऊ शकते. एकटे दिसणारे ते जीव एकटे नसतात मग. दिसत नाहीत एकमेकांना, पण ऐकू येतात.

आणि ह्या सगळ्यावर आपण जहाजं चालवतो. जहाजाचा पंखा जोरात फिरला की त्याच्या पात्यांमागे पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, तो आवाज नेमका खर्जातला, जिथे मोठे देवमासे बोलतात तिथलाच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे एकाच जागी १९६० च्या दशकाच्या मध्यावर आणि परत २००३-०४ मध्ये मोजलं तर खालच्या पट्टीतला गोंगाट दहा ते बारा डेसिबलने वाढलेला निघाला. दहा-बारा म्हणजे काय फार असं वाचणाऱ्याला वाटतं, म्हणूनच मी त्या आकड्याच्या मागे लागलेय. डेसिबलची पट्टी साध्या बेरजेची नाही. तीन वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट, दहा वाढले की दहापट. आणि ऐकण्याच्या अंतरात सांगायचं तर, आवाज चहूकडे सारखा पसरतो असं साधं गणित धरलं तरी, गोंगाट सहा डेसिबलने वाढला की हाक ऐकू येण्याचं अंतर अर्धं होतं, बाराने वाढला की पाव. अंतर पाव झालं म्हणजे भोवतालचं क्षेत्र सोळावा हिस्सा उरलं. जिच्या हाकेच्या टप्प्यात आधी सोळा जण यायचे तिच्या टप्प्यात आता एक. पिल्लू असेल, जोडीदार असेल, तो त्या एकात असला तर असला.

तेही मग लोंबारच्या पेशंटसारखंच करतात. राइट व्हेल जातीचे देवमासे गोंगाटात आपली हाक मोठी करतात असं नोंदलं गेलंय, ऑर्का म्हणजे किलर व्हेलही करतात. पण चढवणार किती, मर्यादा असते.

२००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर हल्ला झाला आणि काही दिवस सगळी रहदारी थांबली, त्यात जहाजंही कमी झाली. कॅनडाजवळ फंडीच्या उपसागरात त्या वेळी योगायोगाने दोन वेगवेगळी कामं चालू होती. एक टीम पाण्याखालचे आवाज टिपत होती, दुसरी राइट व्हेलची तरंगणारी विष्ठा गोळा करत होती, कारण त्यात ताणाचे हार्मोन मोजता येतात. दोन्ही नोंदी नंतर शेजारी ठेवून बघितल्या. त्या दिवसांत पाण्यातला गोंगाट सहा डेसिबलने उतरला होता आणि देवमाशांच्या शरीरातले ताणाचे हार्मोनही उतरले होते. पुढच्या वर्षांच्या त्याच काळात तसं उतरलेलं दिसलं नाही. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. उत्तर अटलांटिकमधल्या ह्या राइट व्हेल जेमतेम चारशेच्या आत उरल्यात जगात. माणसांवर इतकं भयंकर संकट होतं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं की तिकडे पाण्यात कुणीतरी बऱ्याच वर्षांनी जरा सैलावलंय. ती सहा डेसिबलची सवलत त्यांना काही दिवसच मिळाली. पण आपला रोजचा गोंगाट त्यांच्या अंगावर काय करतो ते तेवढ्या दिवसांत कळलं.

सोनारचं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राचं, थोडक्यात सांगते कारण ते बरंच लिहून झालंय. नौदलाच्या शक्तिशाली सोनारमुळे चोचवाले देवमासे घाबरून, गोंधळून किनाऱ्यावर येऊन मेल्याच्या घटना झाल्या, २००० साली बहामात, २००२ मध्ये कॅनरी बेटांवर. स्पेनने २००४ मध्ये कॅनरीच्या पाण्यात त्या सोनारला बंदी घातली आणि तिथे आधी अशा एकगठ्ठा मृत्यूंच्या घटना होत होत्या त्या थांबल्या.

पण मला गाणाऱ्या बाईला जे सगळ्यात जवळचं वाटतं ते हंपबॅक जातीच्या देवमाशाचं गाणं. बर्म्युडाला अमेरिकी नौदलासाठी काम करणारे फ्रँक वॉटलिंग्टन ह्यांनी पाण्याखालच्या मायक्रोफोनवर ते टिपलं होतं. त्या टेप ऐकून रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे ह्यांनी त्यातली रचना उलगडली आणि १९७१ मध्ये मांडली. सुटे स्वर, त्यांचा एक तुकडा, तो तुकडा परत परत, मग दुसरा तुकडा परत परत, ठरलेल्या क्रमाने शेवटपर्यंत, आणि मग पहिल्यापासून परत. तासन् तास. फक्त नर गातात, एका भागातले सगळे नर एका वेळी तीच चीज, म्हणजे तीच रचना, गातात आणि ती चीज हळूहळू सगळ्यांची मिळून बदलत जाते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या देवमाशांनी पश्चिम किनाऱ्याकडच्यांची चीज उचलली आणि दोनच वर्षांत आपली जुनी टाकून दिली हे २००० साली प्रसिद्ध झालं. नंतर हेही दिसलं की अशा चीजा ऑस्ट्रेलियाकडून पूर्वेला फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत हजारो किलोमीटर सरकत जातात. ऐकून शिकणं, उचलणं, बदलणं, पुढे देणं. आमच्यात घराण्यांचं दुसरं काय असतं. १९७० मध्ये त्या गाण्यांची रेकॉर्ड निघाली, १९७९ मध्ये एका मोठ्या मासिकाने पातळ प्लास्टिकची तबकडी अंकाबरोबर वाटली, एक कोटीहून जास्त प्रती, आणि लोकांनी पहिल्यांदा त्यांना नुसतं तेल आणि मांस म्हणून न बघता ऐकलं. व्यापारी शिकारीवरची बंदी आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ मध्ये मंजूर केली, १९८६ पासून ती लागू झाली. ऐकल्यामुळेच सगळं झालं असं नाही, चळवळ मोठी होती. पण ऐकलं नसतं तर चळवळ इतक्या लोकांपर्यंत पोचली नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर ह्या अवकाशयानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यावर ह्या हंपबॅकचा आवाज आहे, माणसांच्या नमस्कारांच्या शेजारी. त्याच तबकडीवर केसरबाई केरकर आहेत, साडेतीन मिनिटं भैरवी. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. बाईंचा आवाज मी रेकॉर्डवर ऐकत मोठी झाले, तो मोकळा, न आवळलेला आकार आमच्या गुरूंनी आम्हाला समोर ठेवून शिकवला. पुढे कधी कुणी ती तबकडी वाजवलीच तर देवमासा आणि केसरबाई एकाच वस्तूवर ऐकू येतील. इथे मात्र एकीचा आवाज आपण जपून ठेवलाय आणि दुसऱ्याच्या आवाजावर इंजिन लावून ठेवलंय.

मोठ्या जिवांचंच नाही हे. प्रवाळाची धड बेटं आवाजाने भरलेली असतात, लहान कोळंबीसारखे जीव नांगी इतक्या जोरात मिटतात की बुडबुडा फुटून टक् होतं, असे हजारो मिळून सुका पाला जळतोय असा तडतडाट. माशांची पिल्लं उघड्या समुद्रात वाढतात आणि घर शोधताना ह्या तडतडाटाच्या दिशेनेही येतात. बेट मेलं की ते मुकं होतं, मुकं झालं की नवी पिल्लं फारशी येत नाहीत. ग्रेट बॅरिअर रीफवर संशोधकांनी मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांपाशी स्पीकर ठेवून धड बेटाचा आवाज वाजवला, ४० दिवस, २०१९ मध्ये ते छापलं. जिथे स्पीकर चालू होता तिथे बाकी ढिगांच्या दुप्पट मासे राहायला आले. नुसत्या आवाजावर विसंबून. म्हणजे त्या आवाजावर जहाजाचा आवाज बसला तर पिल्लू कुठे जाईल ह्याचा विचार करा.

हे लिहिताना मला राग जितका येतो तितकीच आशाही वाटते, कारण आवाज साचून राहत नाही. प्लास्टिक शंभर वर्षं राहील, तेल किनाऱ्याला चिकटेल, पण इंजिन बंद केलं की त्याचा आवाज त्याच क्षणी संपतो. मॅनहॅटनच्या वर्गात काही वर्षांत फरक दिसला, फंडीच्या उपसागरात काही दिवसांत. जहाजं हळू चालवली तर बहुतेक जहाजांचा आवाज लगेच उतरतो. कॅनडात व्हँकूवरजवळ २०१७ पासून ऑर्कांच्या वाटेवर जहाजांना वेग कमी ठेवायला सांगतात, ऐच्छिक आहे आणि तरी बरीच जहाजं ऐकतात. पंख्याची पाती वेगळी घडवता येतात, इंजिनाखाली आवाज शोषणारे पाये बसवता येतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ह्यावर २०१४ मध्ये सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या, पण त्या सूचनाच आहेत, नियम नाही. नियम झाला पाहिजे. जहाज किती तेल सांडतं ते मोजतात तसं ते किती आवाज सांडतं हेही मोजलं पाहिजे, आणि जो माल त्या जहाजातून येतो तो आपल्या सगळ्यांच्या घरात येतो, तेव्हा हा विषय आपला नाही असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

संपादक महाशय, माझी विनंती छोटी आहे. आवाजाची बातमी छापताना डेसिबलचा आकडा छापाच, पण तुमच्या बातमीदाराला एवढं विचारायला सांगा की त्या वेळी त्या जागी काय ऐकू येत नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावर बाईंचा शब्द पोचत होता का. दोन माणसं किती अंतरावर उभी राहून न ओरडता बोलू शकत होती. पहाटे कुठला पक्षी ऐकू यायचा आणि आता कुठपर्यंत येतो. हे मोजायला मशीन लागत नाही, दोन माणसं आणि एक टेप पुरते. समुद्राचं मोजायला मशीन लागतं, पण ती मोजणी जे करतात त्यांचं काम चार ओळींत तरी छापत जा.

माझ्याकडे सध्या एक अकरा वर्षांची मुलगी शिकायला येते. आता तंबोरा लावताना मी तिला शेजारी बसवते, दोरा मी सरकवते आणि कान तिचा. ती घोडीजवळ वाकते, डोळे मिटते आणि वरची सळसळ उघडली की माझ्या मनगटावर बोट टेकवते. काल दोन वेळा टेकवलेलं बोट तिने परत उचललं. बाहेर गाडी रिव्हर्स घेत होती, ती जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच थांबून राहिलो आणि मग तिने परत टेकवलं.

आपली,
एक वाचक, संगीत शिक्षिका